मानसशास्त्र व समुपदेशन : आपल्या विद्यापीठांतील एका जोडविद्येचा इतिहास

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी यंदाही काही लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची प्रेमाची आज्ञा झाली. आम्ही पडलो मॅट्रिकपर्यंत शिकलेले आणि खेड्यापाड्यांच्या शाळांत सारी हयात घालविलेले शिक्षक. पैठणचा प्राचीन इतिहास अथवा एखाद्या संताचे चरित्र हेच आमच्या लेखणीचे परिचित अंगण. परंतु या खेपेस आम्ही ते अंगण सोडून एका नव्या विद्येच्या इतिहासाकडे वळत आहोत. ती विद्या म्हणजे मानसशास्त्र, आणि तिच्याच जोडीने आज विद्यापीठांत शिकविले जाणारे समुपदेशन. वाचकांना हा विषय प्रथमदर्शनी रुक्ष वाटण्याचा संभव आहे. म्हणून तो निवडण्याचे कारण आधी निवेदन करतो.

पाचोडास आमच्याच आळीत राहणारे एक वयोवृद्ध समाजबांधव एके दिवशी सायंकाळी आपल्या नातीस घेऊन आमच्या ओसरीवर आले. मुलगी बारावी उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेली. मानसशास्त्र घेऊन बी. ए. व्हावे आणि पुढे समुपदेशनाचे पदव्युत्तर शिक्षण घ्यावे, असा तिचा निश्चय. आजोबा म्हणाले, "गुरुजी, आता तुम्हीच हिला समजावून सांगा. वेड्यांचं शिक्षण घेतलं तर पोरीचं लग्न कुठं जमवायचं?" त्यावर ती हळूच म्हणाली, "आजोबा, ते वेड्यांचं शिक्षण नाही, माणसांचं आहे." दोघांनीही आमच्याकडे पाहिले, आणि खरे सांगावयाचे तर आम्हास काहीच उत्तर सुचले नाही. "आठ दिवसांनी या," असे सांगून आम्ही वेळ मारून नेली. त्या आठ दिवसांत जे वाचन आरंभिले ते पुढे वर्षभर चालू राहिले. त्याचेच फळ म्हणजे प्रस्तुत लेख होय.

या वाचनातून जे एक तत्त्व आमच्या मनावर ठसले, ते प्रारंभीच सांगून टाकतो. मन जाणण्याचे शास्त्र आपल्या विद्यापीठांत एका दाराने आले आणि खचलेल्या मनास आधार देण्याची कला दुसऱ्या दाराने आली. ही दोन्ही बराच काळ परस्परांस अनोळखी राहिली. ती जेथे एकत्र आली तेथे समाजाचे कल्याण झाले. जेथे एकीवाचून दुसरी आली तेथे तिचा उपयोग अर्धाच झाला.

तत्त्वज्ञानाच्या घरची पाहुणी

मनाचा विचार आपल्याकडे नवा नाही. पतंजलींच्या योगसूत्रांचा विषयच चित्तवृत्ती हा आहे. समर्थ रामदासांनी तर मनालाच संबोधून श्लोक रचले, आणि आमच्या पिढीतील अनेकांनी ते लहानपणी मुखोद्गत केले. परंतु प्रयोग, मोजमाप आणि पडताळा यांवर आधारलेले आधुनिक मानसशास्त्र हे पश्चिमेकडून आले. जर्मनीतील लाइपझिग येथे विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली मानसशास्त्राची प्रयोगशाळा स्थापन केली. ते वर्ष या शास्त्राचे जन्मवर्ष मानण्याचा प्रघात आहे.

आपल्या देशात मुंबई, कलकत्ता व मद्रास ही विद्यापीठे १८५७ साली निघाली. तथापि मानसशास्त्रास तेथे स्वतःचे घर नव्हते. तर्कशास्त्र व नीतिशास्त्र यांच्या पंक्तीस बसून, तत्त्वज्ञानाच्या घरची पाहुणी म्हणून ते शिकविले जाई. त्याला स्वतंत्र घर प्रथम मिळाले ते कलकत्त्यास. ब्रजेंद्रनाथ सील यांनी १९०५ साली अभ्यासक्रमाचा आराखडा केला होता. सर आशुतोष मुखर्जी यांच्यासारख्या दूरदृष्टीच्या शिक्षणधुरीणांचे पाठबळ लाभून १९१६ साली तेथे प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला. त्याची धुरा अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात शिकून आलेल्या नरेंद्रनाथ सेनगुप्त यांच्याकडे आली. पुढे १९२४ साली म्हैसूर विद्यापीठानेही स्वतंत्र विभाग काढला.

महाराष्ट्रात ही गोष्ट घडण्यास स्वातंत्र्याची वाट पाहावी लागली. पुणे विद्यापीठात १९५० साली प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग निघाला आणि प्रा. वा. कृ. कोठुरकर यांच्या नेतृत्वाखाली तो नावारूपास आला. मुंबई विद्यापीठात १९५९ साली उपयोजित मानसशास्त्राचा विभाग स्थापन झाला. 'प्रायोगिक' आणि 'उपयोजित' या दोन विशेषणांतच पुढील साऱ्या कथेचे बीज आहे. पहिले म्हणते, मन कसे चालते ते पाहू. दुसरे म्हणते, ते जाणून माणसाच्या कामी कसे आणावयाचे ते पाहू.

कसोट्या आल्या, आधार मागे राहिला

मानसशास्त्राचा जो भाग आपल्या शाळांपर्यंत सर्वांत आधी पोहोचला तो म्हणजे बुद्धिमापन. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली सिमोन यांच्या साह्याने मुलांच्या बुद्धीची पहिली मोजपट्टी तयार केली. तिचा हेतू अत्यंत कनवाळू होता. वर्गात मागे पडणाऱ्या मुलांना हुडकून त्यांना निराळे साह्य द्यावे, एवढाच त्यांचा उद्देश होता. आपल्याकडे डॉ. वि. वि. कामत यांनी या मोजपट्टीचे कन्नड व मराठी भाषक मुलांसाठी रूपांतर केले. त्यांचे यासंबंधीचे पुस्तक १९४० साली प्रसिद्ध झाले. 'बिने-कामत चाचणी' या नावाने ती आजही आपल्या रुग्णालयांतून वापरली जाते. परकीय मुलांसाठी घडविलेले माप आपल्या मुलांस जसेच्या तसे लावणे अन्यायाचे आहे, ही जाण त्या काळी दाखविणे ही लहान गोष्ट नव्हे.

तथापि माप हाती आले तरी मापणाऱ्याच्या अंगी ममता असावी लागते. अन्यथा तेच माप मुलाच्या कपाळी डाग म्हणून उमटते. याचा अनुभव आम्हास पुढे स्वतःच्याच हातून आला. तो यथास्थळी सांगू.

दुसरे दार : धंदेशिक्षण, दवाखाना आणि समाजसेवा

आता समुपदेशनाकडे वळू. याचा उगम तत्त्वज्ञांच्या ग्रंथालयात झाला नाही. तो कारखान्यांच्या शहरांत, काम शोधीत हिंडणाऱ्या तरुणांच्या गर्दीत झाला. अमेरिकेतील बोस्टन शहरी फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ साली तरुणांना व्यवसाय निवडण्यास साह्य करणारे एक कार्यालय उघडले. त्यांचा विचार साधा होता. प्रथम स्वतःस ओळखावे, मग कामांची माहिती करून घ्यावी, आणि अखेर दोहोंचा मेळ घालावा. पुढे १९४२ साली कार्ल रॉजर्स यांचा समुपदेशनावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि या कलेस निराळे वळण लागले. सल्ला देणाऱ्याने बोलण्यापेक्षा ऐकावे, पुढील माणसास तोलू नये, त्याचा मार्ग त्यालाच सापडू द्यावा, असे त्यांचे प्रतिपादन होते.

'समुपदेशन' या आपल्या शब्दात 'उपदेश' दडलेला असल्याने पुष्कळांचा घोटाळा होतो. उपदेश करण्यात तर आम्ही शिक्षक, कीर्तनकार व वडीलधारी मंडळी मुळीच कमी नाही! परंतु भगवद्गीतेकडे पाहा. पहिल्या अध्यायाचे नावच अर्जुनविषादयोग. त्यात अर्जुन आपले दुःख बोलत राहतो आणि भगवंत जवळजवळ काहीच न बोलता ऐकून घेतात. उपदेश त्यानंतरचा. आपण मात्र पहिला अध्याय गाळून एकदम दुसऱ्यावर येतो, हे आमचे आजवरचे निरीक्षण आहे.

आपल्या देशात या कार्याचा आरंभ मुख्यत्वे मुंबईत झाला. १९३६ साली तेथे सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे उच्च शिक्षण देणारी संस्था निघाली. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था होय. लगेच १९३७ साली त्या संस्थेने बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. मुलांचे हट्ट, भीती, अंथरुण ओले करणे, शाळेतून पळणे या गोष्टी छडीने सुटत नाहीत, त्यांची कारणे घरात व मनात शोधावी लागतात, हा विचार तेथून रुजू लागला. १९४१ साली मुंबईत बाटलीबॉय यांच्या नावाचे व्यवसाय मार्गदर्शन कार्यालय निघाले.

आणि आता जी गोष्ट आम्ही सांगणार आहोत तिच्याकडे मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनी विशेष लक्ष पुरवावे, अशी विनंती आहे. १९४७ साली, स्वातंत्र्याच्याच वर्षी, मुंबईच्या पारशी पंचायतीने आपल्या मुलांसाठी व्यवसाय मार्गदर्शन केंद्र स्थापन केले. पंचायत म्हणजे त्या समाजाची सार्वजनिक संस्था. जसे आपले मंडळ, तशीच ती, अर्थात वयाने व साधनसंपत्तीने कितीतरी थोर. सरकारने काही करण्यापूर्वी एका लहानशा समाजाने आपल्या मुलांचा कल जाणून घेण्याची व्यवस्था स्वतः केली. मुंबई सरकारचे व्यवसाय मार्गदर्शन केंद्र त्यानंतर, म्हणजे १९५० साली निघाले. दिल्लीस केंद्र सरकारचे कार्यालय १९५४ साली आले. एखादा समाज राज्यसत्तेच्याही पुढे चार पावले चालू शकतो, याचे याहून उत्तम उदाहरण आम्हास ठाऊक नाही.

दोन वाटांचा संगम

स्वातंत्र्यानंतर शिक्षणाच्या पुनर्रचनेसाठी जे आयोग नेमले गेले त्यांनी या विषयास महत्त्व दिले. मुदलियार आयोगाने १९५२-५३ साली माध्यमिक शाळांतून मार्गदर्शनाची आवश्यकता प्रतिपादिली. कोठारी आयोगाने १९६४ ते १९६६ या काळात आणखी पुढे जाऊन सांगितले, की मार्गदर्शन हे प्राथमिक शाळेपासून शिक्षणाचे अंगच असावे, आणि निदान दहा माध्यमिक शाळांच्या गटास मिळून एक फिरता समुपदेशक असावा. दहा शाळांस एक! ही अपेक्षा काही फार मोठी नव्हती. परंतु आमच्या उभ्या नोकरीत, ज्या ज्या गावी आम्ही राहिलो तेथे असा समुपदेशक आम्ही एकदाही पाहिला नाही. याचे एक मोठे कारण असे, की हे काम करण्यास शिकलेली माणसेच पुरेशी नव्हती. माणसे घडविणे हे विद्यापीठांचे काम, आणि विद्यापीठांत दोन्ही वाटांची गाठ हळूहळू पडत गेली.

मुंबई विद्यापीठाच्या ज्या उपयोजित मानसशास्त्र विभागाचा उल्लेख वर केला, त्याच्या नावास आज 'व समुपदेशन केंद्र' असे शब्द जोडलेले आहेत. वर्गात शास्त्र शिकावे आणि तेथेच, त्याच छपराखाली, साह्य मागण्यास आलेल्या माणसापुढे बसावे, ही कल्पना या जोडनावात आहे. वैद्यकीच्या विद्यार्थ्यास जसे रुग्णालय, शिक्षकास जशी सरावपाठशाळा, तद्वत् मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यास समुपदेशन केंद्र.

विद्यापीठांबाहेरही काही संस्थांनी ही जोड जुळविली. पुण्यास डॉ. वि. वि. तथा आप्पासाहेब पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञानप्रबोधिनी स्थापन केली. तिच्या मानसशास्त्रीय कार्यातून मराठी मुलांसाठी चाचण्या व मार्गदर्शन यांचे काम उभे राहिले. ठाण्यास डॉ. आनंद नाडकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली मानसिक आरोग्याची संस्था काढली. ज्या ठाण्याचे नाव आपल्या बोलण्यात 'ठाण्याला पाठवा' असे केवळ चेष्टेसाठी येत असे, त्याच गावी माणसे आता आपण होऊन मनाची विचारपूस करण्यास जाऊ लागली. काळ पालटतो तो असा.

आपला मराठवाडा

आमच्या पाचोडकडील वाचकांना प्रश्न पडेल, की ही सारी मुंबई-पुण्याची कथा झाली, आपले काय? आपला भाग १९४८ च्या १७ सप्टेंबरपर्यंत निजामी राजवटीत होता. १९१८ साली हैदराबादेस निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. मराठी घरातील मुलास उच्च शिक्षण घ्यावयाचे तर परभाषेची खिंड ओलांडूनच पुढे जावे लागे. औरंगाबादेस १९१५ साली निघालेली सरस्वती भुवन ही शिक्षणसंस्था, १९२३ साली निघालेले सरकारी महाविद्यालय, आणि पुढे १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उभे केलेले मिलिंद महाविद्यालय, हे आपल्या भागातील ज्ञानाचे दीपस्तंभ. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली आणि आपल्याच जिल्ह्याच्या ठिकाणी पदवी घेण्याची सोय झाली. १४ जानेवारी १९९४ रोजी त्या विद्यापीठास डॉ. बाबासाहेबांचे नाव जोडले गेले.

आज या विद्यापीठात मानसशास्त्राचा विभाग आहे आणि संलग्न महाविद्यालयांतून हा विषय घेता येतो. ज्या भागात उच्च शिक्षणच उशिरा आले, तेथे मनाच्या विद्येस आणखी उशीर व्हावा हे ओघानेच आले. परंतु गरज मात्र आपल्याकडे कमी नव्हती. २०१२-१३ च्या दुष्काळात पाचोड परिसरातील मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. पोटच्या पोराप्रमाणे वाढविलेल्या झाडांवर कुऱ्हाड चालविताना धडधाकट शेतकरी ढसाढसा रडलेले आम्ही पाहिले आहेत. कर्ज व नापिकी यांनी खचून मराठवाड्यातील किती शेतकऱ्यांनी जीवन संपविले, ते येथे उगाळण्याचे कारण नाही. पुढे शासनाने शेतकऱ्यांसाठी समुपदेशनाची 'प्रेरणा' नामक योजना काढली. कर्जाचा बोजा समुपदेशनाने उतरत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु रात्री बारा वाजता विहिरीच्या काठी उभ्या असलेल्या माणसास सकाळपर्यंत थोपवून धरणारा शब्द हवा असतो, हेही तितकेच खरे.

आमच्या हातून घडलेला अपराध

येथे आम्हास स्वतःविषयी थोडे सांगणे प्राप्त आहे. मॅट्रिकनंतर आम्ही अध्यापक विद्यालयात दाखल झालो. तेथे बालमानसशास्त्राची एक प्रश्नपत्रिका असे. थॉर्नडाइकचे मांजर, पाव्हलॉव्हचा कुत्रा आणि कोहलरचा चिंपाझी ही तीन जनावरे आम्ही इतकी घोकली, की आजही झोपेत विचारल्यास सांगू. आम्हास त्या विषयात उत्तम गुण मिळाले.

त्यानंतर चार-पाच वर्षांनी एका खेड्यातील शाळेत आमच्या चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. तोंडी हिशेबात चलाख, स्मरणशक्ती तीव्र, परंतु धडा वाचावयास उभा केला की अक्षरे उलटीसुलटी होत. 'कप' चा 'पक' करी. आम्हास वाटे, हा जाणूनबुजून करतो. आम्ही त्यास मारले. एवढ्यावर न थांबता भर वर्गात त्याचे नाव 'दगड' ठेविले. मुले त्यास त्याच नावाने हाक मारू लागली. दिवाळीच्या सुटीनंतर तो शाळेत आला नाही. आम्ही हजेरीपटावर त्याच्या नावापुढे लाल शाईने रेघ ओढली आणि विसरून गेलो.

अलीकडे, आमच्या निवृत्तीनंतर, पाचोडच्या आठवडी बाजारात एका शेळ्यांच्या व्यापाऱ्याने आम्हास वाकून नमस्कार केला. तो तोच. दहा शेळ्यांचा हिशेब बोटे न मोडता सांगत होता. चहा पाजता पाजता म्हणाला, "गुरुजी, मह्यावानीच पोरगं निघालं. त्यालाबी वाचता येईना." त्याच्या स्वरात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

तोपर्यंत आमचे वर उल्लेखिलेले वाचन सुरू झाले होते. बुद्धी शाबूत असूनही अक्षरे ओळखण्यात विशिष्ट अडचण असू शकते, आणि २०१६ च्या दिव्यांगांच्या हक्कांसंबंधीच्या कायद्यात या विशिष्ट अध्ययन-अक्षमतेचा समावेश झालेला आहे, हे आम्हास कळले होते. आम्ही बापलेकांस घेऊन शहरातील सरकारी रुग्णालयात गेलो. तेथे मुलाच्या चाचण्या झाल्या. चाचणी घेणाऱ्या बाईंनी नुसता कागद हाती दिला नाही. मुलास जवळ बसवून त्यांनी सांगितले, "तू मठ्ठ नाहीस. तुझी वाचायची वाट जरा निराळी आहे." हे ऐकताना मुलगा आईच्या आठवणीने व्हावा तसा कावराबावरा झाला, आणि त्याचा बाप मात्र भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. जे वाक्य चाळीस वर्षांपूर्वी आम्ही त्यास म्हणावयास हवे होते, ते त्याने त्या दिवशी आपल्या मुलाच्या निमित्ताने ऐकले.

वाचकहो, आमच्यापाशी मानसशास्त्राचे गुण होते, समुपदेशन नव्हते. या लेखाचा सारा मथितार्थ एवढाच आहे. २०१६ पासून काही वर्षे आपल्या राज्यात दहावीच्या मुलांची कलचाचणी घेतली गेली, तेव्हाही आम्ही पाहिले, की मुलांच्या हाती निकालाचा कागद येई, पण तो उलगडून सांगणारे माणूस गावात नसे. कागद दप्तरात जाई आणि मुलगा मित्र जाईल तिकडे प्रवेश घेई.

पाचोडनेच दिलेला धडा

याच्या उलट प्रकारचे उदाहरण आपल्या गावीच आहे, आणि ते आपल्यातील पुष्कळांस ठाऊक नाही. डॉ. अशोक दयालचंद यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या पाचोडच्या आरोग्य व्यवस्थापन संस्थेने किशोरवयीन मुलींसाठी जीवनकौशल्यांचे वर्ग चालविले. सायंकाळी तासभर, वर्षभर. शिकविणाऱ्या बाया त्या त्या गावच्याच, निदान सातवी शिकलेल्या. त्या मुलींशी शरीर, आरोग्य, शिक्षण आणि लग्न यांविषयी मोकळेपणाने बोलत आणि आईबापांनाही बोलते करीत. १९९७ ते २००१ या काळात त्या गावांतील मुलींच्या लग्नाचे मध्यक वय सोळावरून सतरावर गेले. एक वर्ष म्हणजे काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. ज्या मुलीस ते वर्ष मिळाले तिला विचारावे.

यावरून पदवीची गरज नाही असा अर्थ मात्र कोणी काढू नये. त्या बायांना शिकविणारे, धडे बेतणारे आणि परिणाम मोजणारे लोक शास्त्र जाणणारे होते. शास्त्र वरून आले, माया गावातून आली, म्हणून काम झाले.

आज शिकू इच्छिणाऱ्यांस

आता ही विद्या घेऊ पाहणाऱ्या मुलामुलींसाठी व त्यांच्या पालकांसाठी थोडी व्यावहारिक माहिती. पदवीच्या वर्गात मनाचे व्यापार, बालविकास, सामाजिक वर्तन, मनोविकार, प्रयोग व संख्याशास्त्र शिकावे लागते. गणिताचा तिटकारा असणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे. पदव्युत्तर वर्गात समुपदेशन, चिकित्सा, उद्योग अशा शाखा निवडता येतात. समुपदेशनाच्या शाखेत ऐकण्याची रीत, ऐकलेले गुप्त राखण्याची शिस्त, आपल्या आवाक्याबाहेरील रुग्णास वेळीच डॉक्टरांकडे पाठविण्याचा विवेक, आणि अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष काम, या गोष्टी येतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करण्यास भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम व नोंदणी आवश्यक आहे. २०२१ साली संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला आणि वर्तन-आरोग्याचे व्यवसाय त्याच्या कक्षेत आले. २०२५ च्या सत्रापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्राचे अभ्यासक्रम दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने देण्यास मनाई केली. सारांश, ही विद्या घरबसल्या मिळवावयाची नव्हे. दोन-चार दिवसांच्या शिबिराचे प्रमाणपत्र भिंतीवर टांगून समुपदेशक म्हणविणाऱ्यांपासून सावध असावे.

उदरनिर्वाहाचे म्हणाल तर शाळा, महाविद्यालये, रुग्णालये आणि व्यसनमुक्ती केंद्रे येथे या मंडळींची गरज आहे. १९८४ च्या कायद्याने स्थापिलेल्या कुटुंब न्यायालयांतही समुपदेशक असतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरविला आहे. डॉक्टर वा इंजिनियरप्रमाणे प्रारंभीच मोठी प्राप्ती होत नाही, हेही स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे.

मंडळाच्या चरणी तीन सूचना

लेख आवरता घेण्यापूर्वी मंडळापुढे नम्रपणे तीन सूचना ठेवतो. एक, मंडळाच्या शिष्यवृत्त्या वैद्यकी व इंजिनियरिंगकडे जातात, ते योग्यच आहे. त्यांत दरवर्षी एक शिष्यवृत्ती मानसशास्त्र व समुपदेशन शिकणाऱ्या मुलास अथवा मुलीस द्यावी. दोन, दरवर्षी आपण गुणवंतांचा सत्कार करतो, शाल-श्रीफळ देतो. त्याच दिवशी, पडद्याआड, अनुत्तीर्ण झालेल्या मुलांसाठी व त्यांच्या पालकांसाठी जाणत्या समुपदेशकाकडून मार्गदर्शनाची सोय करावी. व्यासपीठावर येणाऱ्यांस आपली तितकी गरज नसते, जितकी त्या दिवशी घरी दार लावून बसलेल्यांस असते. तीन, आपल्या वधू-वर मेळाव्यात कोणी मनाच्या आजारावर उपचार घेतले हे कळताच स्थळ मोडते, म्हणून घरोघरी दुखणे झाकले जाते आणि झाकलेले दुखणे वाढते. ही चाल बदलण्यास मंडळाच्या वडीलधाऱ्यांनी आरंभ करावा. पारशी पंचायतीने १९४७ साली जे केले त्याचा शतांश जरी आपल्या हातून झाला तरी पुष्कळ.

राहिली आमच्या आळीतील त्या मुलीची गोष्ट. आठ दिवसांनी आजोबा पुन्हा आले, तेव्हा आम्ही त्यांना व्याख्यान दिले नाही. त्या शेळ्यांच्या व्यापाऱ्याची कथा तेवढी सांगितली, आमच्या छडीसह. ते बराच वेळ सुपारी कातरीत बसले. मग म्हणाले, "गुरुजी, मही धाकटी बहीण आठवली. तिला बी कोणी विचारलं नव्हतं." त्याहून अधिक ते बोलले नाहीत आणि आम्हीही विचारले नाही. नात आज शहरातील महाविद्यालयात मानसशास्त्राच्या वर्गात आहे. वसतिगृहाचा खर्च आजोबाच धाडतात.

त्या मुलीमागून आपल्या समाजातील आणखी काही मुले-मुली या जोडविद्येकडे वळोत अशी इच्छा व्यक्त करून, आम्ही येथेच लेखणी ठेवतो.